वेडाचें मोल

निक हॉर्नबी यांचें ‘फीव्हर पिच’ (१९९२) हें आत्मचरित्र वरवर पाहतां आर्सेनल या फुटबॉल संघाच्या सामन्यांची रोजनिशीच वाटतें. प्रकरणांचीं शीर्षकेंही सामन्यांचीं. परंतु आईबाप विभक्त झाल्यावर, १९६८ सालीं, बापलेकांस एकत्र आणणारें स्थळ क्रीडांगणच ठरलें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे संघामागें परगांवींही धांवणाऱ्या या वेडाचें मर्म उकलतें. मे १९८९ मध्यें लिव्हरपूल येथें अखेरच्या क्षणींच्या गोलानें आर्सेनलला १८ वर्षांनीं अजिंक्यपद लाभलें. लेखक मात्र तेव्हां लंडनांत दूरचित्रवाणीपुढें होते! म्हणूनच कीं काय, विजयापेक्षां त्याची दीर्घ प्रतीक्षाच येथें सरस उतरली आहे. मैदानाबाहेरचीं माणसें बरीच पुसट राहतात. पण आपल्या निष्ठेची ही किंमत लेखक लपवीत नाहींत, हेंच या पुस्तकाचें बळ होय.