कनात आणि यात्रेचे मैदान

चैत्र जवळ आला की जुन्नर तालुक्यातील नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर दूरदूरच्या गावांचे कारभारी तेथे येतात, आपल्या यात्रेची तिथी सांगतात आणि सुपारी ठरवतात. युरोपातील ऑपेराला भव्य नाट्यगृह लागते. गण, गौळण, बतावणी व वग यांनी सजलेल्या आमच्या या संगीतनाट्याला गावाचे आमंत्रण आणि मोकळे मैदान पुरते.

परंतु रंगस्थळ म्हणजे केवळ जागा नव्हे. ते कलेला वळण लावते. दसऱ्यानंतर ढोलकी फड कनात ठोकून तिकिटावर खेळ करतो. तेथे प्रेक्षक गिऱ्हाईक असतो. चित्रपटगीतांची फर्माईश वाढते, रंगबाजी लांबते आणि शेवटी येणारा वग उरल्यासुरल्या वेळात उरकला जातो. यात्रेत खर्च लोकवर्गणीतून होतो. आजी-नातवंडे एकत्र बसतात. रात्री खेळ आणि सकाळी हजेरी होते. तेथे प्रेक्षक यजमान असतो. आपल्या पाहुण्याची अब्रू राखणे हे यजमानाचे कर्तव्यच.

आज मात्र मैदानातही वगाची कुचंबणा होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकांवर निर्बंध आणले. आजाऱ्यांच्या व विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते न्याय्यच आहेत. मग फडांनी खेळ लवकर सुरू करून वगाला अग्रक्रम का देऊ नये? प्राण कापून अलंकार राखण्यात काय हशील? अर्थात दोष एकट्या फडांचा नाही; जसे आमंत्रण, तसा खेळ. २०२० व २०२१ साली महामारीमुळे यात्रा बंद राहिल्या, तेव्हा कलावंतांची चूलही थंडावली. मैदान हेच त्यांचे शेत आहे.

याच नारायणगावच्या विठाबाईंना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. २००२ साली त्या निवर्तल्या. २००६ पासून शासन त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देते. तरीही आपल्या अनेक ख्रिस्ती घरांत 'तमाशा' हा शब्द गोंधळ आणि बेअब्रू याच अर्थाने उच्चारला जातो. धर्मगुरू म्हणून आम्हीही वर्षानुवर्षे त्याच अर्थाने तो वापरला, हे येथे कबूल केले पाहिजे. कनातीच्या बाहेरून ऐकू आलेल्या शिट्ट्यांवरून आम्ही आतील कलेचा निवाडा केला.

इस्राएल लोक रानातून चालले, तेव्हा परमेश्वराने त्यांच्याबरोबर तंबूतच वास केला; दगडी मंदिर फार पुढचे. प्रभू येशूनेही डोंगरउतारावर आणि होडीत बसून लोकांना शिकवले. मग तंबूत राहते म्हणून एखाद्या कलेला हीन लेखण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? येत्या चैत्रात एखाद्या गावाने पूर्ण वगाचा आग्रह धरून फड बोलावला, तर आपण सहकुटुंब जाऊन पुढच्या रांगेत बसावे. निवाडा त्यानंतर करावा.