संततिनियमनाची परिभाषा आणि नागपूरचे १९४२चे भाषण

१

संततिनियमनाच्या विचाराला मराठीत शंभर वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत आपले सल्लाकेंद्र उघडले. डॉ. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. म्हणजे ह्या एका बाबतीत तरी मराठी समाजातील विचार जगाच्या मागे नव्हता. ह्या शंभर वर्षांत त्या विचाराला तीन नावे मिळाली : प्रथम संततिनियमन, पुढे कुटुंबनियोजन आणि शेवटी कुटुंबकल्याण. ही तिन्ही नावे एकाच कल्पनेची असून तिची क्रमाक्रमाने प्रगती होत गेली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्याच समजुतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे २० जुलै १९४२ रोजीचे नागपूरचे भाषण पुढील सरकारी मोहिमेची पूर्वसूचना म्हणून सांगितले जाते. ही समजूत कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

कोणत्याही क्रियावाचक नामाविषयी पहिला प्रश्न कर्त्याचा असतो. ‘नियमन’ कोणी करावयाचे? कर्व्यांच्या लेखनात याचे उत्तर निःसंदिग्ध आहे : ज्या व्यक्तीच्या देहाशी आणि सुखाशी अपत्याचा संबंध आहे, तिने. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी खटले सोसले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापून स्त्रियांसाठी शिक्षणाचे दार उघडले. सततच्या बाळंतपणात अडकलेल्या स्त्रीला त्या दारापर्यंत पोहोचण्याची सवड मिळावयाची तर काय करावे लागेल, हा प्रश्न पुत्राने हाती घेतला. दोन्ही कार्ये परस्परपूरक होती, परंतु समाजाने पित्याचा गौरव केला आणि पुत्राची उपेक्षा केली.

‘कुटुंबनियोजन’ हा शब्द स्वातंत्र्योत्तर काळात रूढ झाला. पंचवार्षिक योजनांच्या त्या दिवसांत, १९५२ साली, राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ‘नियोजन’ ह्या शब्दाबरोबर त्याचा कर्ताही आला. तो कर्ता म्हणजे शासन. भिंतींवर रंगविलेल्या घोषणांचे व्याकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘छोटे कुटुंब, सुखी कुटुंब’ ह्या घोषणेत क्रियापद नाही, त्यामुळे कर्ताही नाही. ‘दोन किंवा तीन पुरेत’ ह्या घोषणेत क्रियापद आहे, पण मराठीत ‘पुरणे’ हे क्रियापद चतुर्थीची अपेक्षा करते. काहीही पुरते ते कोणाला तरी पुरते. आईला, बापाला, घरच्या उत्पन्नाला की राष्ट्राच्या अन्नसाठ्याला? घोषणेतून गळून गेलेली ही चतुर्थी हीच त्या परिभाषेची खरी उणीव आहे. संख्या उरली, आणि ती कोणासाठी व कशासाठी हे मात्र अध्याहृत राहिले.

ही उणीव केवळ व्याकरणाची नव्हती, हे आणीबाणीत दिसून आले. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९७७ साली कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबकल्याण’ असे झाले. नाव सौम्य झाले, पण त्या चतुर्थीची जागा रिकामीच राहिली.

३

ह्या पार्श्वभूमीवर नागपूरचे भाषण वाचावयास हवे. १८ व १९ जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. दुसऱ्या दिवशी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. तिला वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या. परिषदेच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीकत्वाला विरोध आणि गिरण्या, विड्यांचे कारखाने वगैरे ठिकाणी राबणाऱ्या स्त्रियांच्या रजा यांचा समावेश होता. ज्या शहरात १८७७ पासून एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत होता, त्या शहरात असे ठराव होणे स्वाभाविकच होते. श्रोता कोण होता, हे ह्या ठरावांवरून स्पष्ट होते. घराबाहेर राबणारी आणि बहुतांशी निरक्षर असलेली स्त्री हीच ह्या भाषणाची श्रोती होती. १९५१च्या शिरगणतीतही देशातील स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्या आतच होती.

ह्या श्रोत्यांसमोरील विवेचनाचा क्रम असा आहे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी. मुलांना शिक्षण द्यावे आणि त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवावी. लग्नाची घाई करू नये, कारण लग्न ही जबाबदारी आहे. फार मुले होऊ देणे हा गुन्हा समजावा. आपला आरंभ जेथून झाला, त्याहून चांगला आरंभ प्रत्येक मुलास मिळवून देणे हे आईबापांचे कर्तव्य आहे. आणि शेवटी, पत्नीने पतीची दासी न होता त्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे.

अपत्यसंख्येचे विधान ह्या क्रमात मध्यभागी येते. त्याच्या आधी शिक्षण आहे, नंतर मुलाचा हक्क आहे आणि शेवटी स्त्रीची बरोबरी आहे. ते विधान ह्या सर्वांच्या आधाराने उभे आहे. ‘गुन्हा’ हा शब्द कठोर आहे खरा, पण गुन्हा म्हटला की ज्याचे नुकसान झाले तो पक्षही आलाच. येथे तो पक्ष राष्ट्र नसून ज्याच्या वाट्याचे शिक्षण हुकले ते मूल आहे. घोषणेतून गळालेली चतुर्थी येथे स्पष्ट उपस्थित आहे.

याविरुद्ध एक आक्षेप संभवतो. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सादर केले. त्यात दारिद्र्य व लोकसंख्या यांचा युक्तिवाद आहे. मग सरकारी कार्यक्रमाशी त्याचे नाते का नाकारावे? नाते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याही भाषणात स्त्रीच्या आरोग्याचा आणि इच्छेचा विचार मुख्य आहे. प्रसूतीच्या यातना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्याला कोणी कबूल झाला नसता, असा त्यातील आशय आहे. तो ठराव सभागृहाने फेटाळला. चार वर्षांनी नागपुरात तोच विषय कायदेमंडळाऐवजी प्रत्यक्ष स्त्रियांपुढे आला, तेव्हा लोकसंख्येचा मुद्दा मागे पडून शिक्षणाचा मुद्दा पुढे आला. हा फरक दुर्लक्षून चालणार नाही.

४

पुढील इतिहासात ह्या युक्तिवादापैकी काय साधले? संख्येचे उद्दिष्ट साधले, यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागील सरासरी जन्म १९९२-९३ साली २.९ होते, ते २०१९-२१ मध्ये १.७ वर आले. स्त्रियांची साक्षरता २००१ साली ६७ टक्के होती, ती २०११ साली ७५.९ टक्के झाली. मुली शिकल्या तेथे जन्म घटले आणि जन्म घटले तेथे मुलींना शिकावयास मिळाले. हे दोन प्रवाह परस्परांना बळ देतात.

परंतु युक्तिवादाचा शेवटचा भाग मागे राहिला. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळते. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण मात्र अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला होता. बरोबरीवाचून आलेल्या लहान कुटुंबाने पुत्राची अपेक्षा सोडली नाही. गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने सर्व राज्यांच्या आधी, १९८८ साली केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २०११ साली ८९४ झाली. सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुसा’, ‘नकुशी’ अशा नावांच्या २८५ मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण करण्यात आले. ‘नको’ ह्या शब्दाचे विशेषनाम व्हावे, ह्याहून बोलकी साक्ष भाषेकडून दुसरी कोणती मिळणार? ‘दोन पुरेत’ असे म्हणताना ते दोन कोण, हे घराघरांत आधीच ठरलेले होते.

५

आता हाच प्रश्न शाळेच्या दारी येऊन ठेपला आहे. २००१ ते २०११ ह्या दशकात राज्याची लोकसंख्या ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली. सहा वर्षांपर्यंतची मुले मात्र १ कोटी ३७ लाखांवरून १ कोटी ३३ लाखांवर आली. गावोगावच्या शाळांचा पट घटला. स्थलांतर आणि इंग्रजी माध्यमाची ओढ हीही त्याची कारणे आहेत, पण जन्मांची घट हे मूळ कारण दुर्लक्षिता येत नाही. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची कल्पना शासनाकडून पुढे आली. मोठ्या शाळेत शिक्षक व साधने अधिक मिळतील, हे तिच्या बाजूचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे. परंतु शाळा लांब गेली की प्रथम घरी राहते ती मुलगी, हेही तितकेच खरे.

येथे नागपूरच्या युक्तिवादाची कसोटी लागते. मुले थोडी व्हावीत, ती प्रत्येकाच्या वाट्याला अधिक यावे म्हणून. मुले थोडी झाली आणि तेवढ्याच कारणाने त्यांच्या वाट्याची शाळा काढून घेतली, तर आईबापांनी पाळलेला करार समाजाने मोडला असे होईल. कुटुंबकल्याणाचा हिशेब जन्मदराच्या आकड्यापाशी संपत नाही. त्या आकड्यामुळे जे वाचले ते कोणाला मिळाले, हे सांगितल्यावाचून तो अपुराच राहतो. १९४२च्या भाषणाला सरकारी मोहिमेची पूर्वसूचना म्हणण्यापेक्षा तिच्या मूल्यमापनाचे माप म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.