धन्यावाचून किल्ला

गतकालाचे अनुकरण हा खेळ आहे की विद्या आहे, हा प्रश्न वरकरणी निरुपद्रवी वाटतो. परंतु ज्या समाजाची जुनी देवालये अद्याप उभी आहेत, त्याला तो टाळता येणार नाही. पाश्चात्त्य देशांत मध्ययुगीन जीवन क्षणभर पुन्हा जगून पाहण्याची हौस गेल्या साठ वर्षांत बरीच वाढली आहे. १९६६ साली अमेरिकेतील बर्कली येथे आरंभ झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ या संस्थेचे सभासद सतराव्या शतकापूर्वीचा वेष धारण करून मेळ्यांस जमतात आणि त्यांतील कित्येकजण आपले कपडे, जोडे, चिलखते स्वहस्ते सिद्ध करतात. त्यांच्या उत्साहाविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि दहा पावलांवरून जुनी दिसावी एवढीच जिच्यापासून अपेक्षा, ती वस्तू आपल्या कर्त्याला फार थोडे शिकविते. नाटकातल्या गदेला वजन नसले तरी भीमाचे काही अडत नाही.

याच हौसेचे अत्यंत कठोर रूप म्हणजे फ्रान्समधील गेदलोंचा किल्ला. आम्ही तो प्रत्यक्ष पाहिलेला नाही. २०१४ साली बीबीसीने दाखविलेली ‘सिक्रेट्स ऑफ द कॅसल’ ही पाच भागांची मालिका आणि प्रसिद्ध झालेली वर्णने एवढाच आमचा आधार आहे. बर्गंडीतील त्रेन्यी गावानजीक, रानातल्या एका ओसाड दगडखाणीत, १९९७ साली हे बांधकाम सुरू झाले. मिशेल गियो यांनी सें-फार्जो येथील जुना वाडा दुरुस्त करविला असता त्याच्या विटांच्या भिंतींआड मध्ययुगीन दुर्गाचे अवशेष असल्याचे आढळले. त्यातून, तसा दुर्ग मुळापासून पुन्हा उभारावा, ही कल्पना निघाली. बांधकामाचा नमुना तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. दगड त्याच खाणीचा, लाकूड भोवतालच्या रानातल्या ओकचे, कौले तेथल्याच भट्टीत भाजलेली. ओझी वर चढवावयाची ती माणसाने आत चालून फिरवावयाच्या लाकडी चक्राने. काटकोन साधावयाचा तो बारा समान अंतरे राखून गाठी मारलेल्या दोरीचा तीन, चार, पाच असा त्रिकोण करून.

या उद्योगाचे खरे यश त्याच्या बुरुजांत नाही, असे आमचे मत आहे. पाथरवटाची छिन्नी कठीण दगडावर लवकर बोथट होते. म्हणून लोहाराचा भाता त्याच्या हाकेच्या अंतरावर हवा. लोहाराला कोळसा हवा, कोळशाला लाकूडतोड्या हवा, गवंड्याला चुन्याचा गारा कालवून देणारा हवा आणि या सर्वांना दोरवाला हवा. एकाचा हात थांबला की दुसऱ्याचा थांबतो. आपल्याकडील बलुतेदारीचा इतिहास वाचणाऱ्याला हे सांगावयास नको. परंतु वाचून जाणणे वेगळे आणि छिन्नी बोथट झाल्यामुळे दुपारभर खोळंबून बसणे वेगळे. पुस्तकाने हा खोळंबा कधीच शिकविला नसता. शिवाय येथली कमान खोटी असू शकत नाही. आधाराचा लाकडी साचा काढला की ती आपल्या भाराने उभी राहते किंवा कोसळते. दहा पावलांवरून पाहणाऱ्याच्या पसंतीवर तिचे काही अवलंबून नसते.

आता दोषांचा विचार करू. कामगार जुन्या वेषात असले तरी आजच्या नियमांप्रमाणे सुरक्षेची साधने वापरतात, याबद्दल काहीजण नाक मुरडतात. आम्ही मुरडणार नाही. माणसाचा जीव हा अभ्यासाचा खर्च होऊ नये. आमचा आक्षेप निराळा आहे. या किल्ल्याला धनी नाही. त्याचा सरदार कल्पित, त्याला वेढा घालणारा शत्रू कोणी नाही आणि त्याचा खर्च चालतो तो तिकिटे काढून येणाऱ्या प्रेक्षकांच्या पैशावर. मूळचे किल्ले सत्तेने, करांनी आणि भयाने उभे राहिले. त्या दगडांखाली दबलेली वेठ येथे कोठेच दिसत नाही. प्रेक्षकाला मध्ययुग फार स्वच्छ, फार हसतमुख असे भेटते. हात आहेत, हत्यारे आहेत, कौशल्य आहे. पण ज्या प्रयोजनासाठी हे सारे होते ते प्रयोजन मात्र नाही. देवावाचून बांधलेल्या देवळाला शिल्प म्हणता येईल, देऊळ म्हणता येईल काय?

हा आक्षेप आम्ही कदाचित शेवटचा शब्द म्हणून येथेच ठेवला असता. परंतु १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसमधील नोत्र दाम या महामंदिराचे छत जळाले. मध्ययुगीन ओकच्या तुळयांचे ते जाळे इतके दाट होते की त्याला ‘रान’ असेच म्हणत. ते पुन्हा होते तसे उभारता येईल काय, यावर मोठा वाद झाला. लोखंड वापरा, काँक्रीट वापरा, अगदी नवे रूप द्या, असेही सुचविण्यात आले. २०२० साली पूर्ववत बांधण्याचा निर्णय झाला. त्याच सप्टेंबरात सुतारांच्या एका चमूने मंदिरासमोरच ओकची एक कैची हाताने तासून, जोडून दाखविली. यंत्राची करवत सरळ रेषेत जाते आणि आडवा येणारा तंतू कापीत जाते. कुऱ्हाड तंतूच्या कलाने जाते, म्हणून वाकड्या झाडाचीही तुळई अभंग राहते. हे ज्ञान ज्यांच्या मनगटात होते, त्यांतील कित्येकजण गेदलोंच्या रानात घडले होते. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उपासनेसाठी उघडले.

तेव्हा आमच्या आक्षेपाचे उत्तर आम्हांला मिळाले, आणि ते आम्ही मोकळेपणाने स्वीकारतो. धनी नसलेल्या किल्ल्यावर हात तयार होत राहिला, म्हणून देव असलेल्या मंदिराला तो वेळेवर सापडला. प्रयोजन कधी येईल हे कोणाला ठाऊक नसते. परंतु ते येते तेव्हा हात आधीच तयार असावा लागतो.

यावरून आपल्या घराकडे दृष्टी वळते. गोव्यातील आणि खालच्या किनाऱ्यावरील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम आहे: चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार लोखंडी सळईने खरवडून आतला पांढरा रंग वेलीच्या, मोराच्या, देवदेवतांच्या आकारांत वर आणावयाचा. जीर्णोद्धाराची सभा भरते, वर्गणी जमते आणि मग कळते की चुना मुरविणारा मिळत नाही, कावी करणारा मिळत नाही. मग चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट चढते, आत ओल कोंडते, वर चकचकीत फरशी बसते. दोष समितीचा म्हणावा तर तिची निष्ठा खरी असते. दोष इतकाच, की दोन जीर्णोद्धारांमधल्या पन्नास वर्षांत त्या हाताला सराव कोठे करावयाचा, याचा विचार आपण कधी केला नाही.

त्यासाठी किल्ला बांधावयास नको. अग्रशाळेची एक भिंत राखून ठेवावी. दरवर्षी तिच्यावर चुना चढावा, जाणत्याच्या देखरेखीखाली गावच्या चार मुलांनी कावी खरवडावी, आणि चुकले तर पुढल्या वर्षी पुसून पुन्हा करावी. पाहणारे त्याला खेळ म्हणतील. म्हणोत.