सर्व्हर सॉफ्टवेअरची तुलना आणि तालुक्याचे गाव : व्यापारी व मुक्त स्रोत पर्यायांविषयीच्या लेखनाची समीक्षा

बीजसंज्ञा : सर्व्हर, मुक्त स्रोत, परवाना शुल्क, पतसंस्था, मराठी विदा, देखभाल

प्रस्तावना

व्यापारी आणि मुक्त स्रोत सर्व्हर सॉफ्टवेअरच्या तुलनेवर गेल्या पंचवीस वर्षांत विपुल लेखन झाले आहे. त्यातील गृहीतके पाहता या लेखनाचा वाचक महानगरातील मोठ्या कंपनीचा संगणक विभागप्रमुख असावा असे दिसते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील कवठे महांकाळसारख्या गावी सर्व्हर आढळतो तो पतसंस्थेत, बेदाण्याच्या शीतगृहात, द्राक्षबागायतदारांना खते-औषधे पुरविणाऱ्या दुकानात. तेथे संगणक विभाग नावाचा विभाग नसतो. एक लिपिक 'संगणक पाहतो' आणि सांगली-मिरजेचा पुरवठादार फोनवर असतो. प्रस्तुत लेखात या तुलनात्मक लेखनाची समीक्षा अशा संस्थेच्या अंगाने केली आहे.

खर्चाच्या तक्त्यांचे राजकारण

या विषयावरील सर्वाधिक उद्धृत झालेला अभ्यास आयडीसी या संस्थेने २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध केला. पाच वर्षांचा एकूण खर्च धरता पाचपैकी चार प्रकारच्या कामांत विंडोज २००० हे लिनक्सपेक्षा स्वस्त पडते, केवळ वेब सर्व्हरच्या कामात लिनक्स स्वस्त ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. या अभ्यासाचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील सायबरसोर्स या कंपनीने नेमका उलटा निष्कर्ष काढला. लिनक्समुळे पाव ते एक तृतीयांश बचत होते असे तिचे म्हणणे. ही कंपनी लिनक्सच्या सेवा विकत होती. पुढे २००४ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने मायक्रोसॉफ्टची एक जाहिरात दिशाभूल करणारी ठरविली. लिनक्स दहापटींहून अधिक महाग असल्याचा दावा तीत होता. मात्र त्या तुलनेतील लिनक्स आयबीएमच्या महाकाय मेनफ्रेम यंत्रावर चालत होते, तर विंडोज साध्या इंटेल यंत्रावर. बैलगाडीचे भाडे आणि मालमोटारीचे भाडे यांची तुलना करून बैल स्वस्त ठरविण्याचाच हा प्रकार होता.

तथापि आयडीसीचा अभ्यास केवळ प्रायोजकामुळे बाजूला टाकणे योग्य होणार नाही. एकूण खर्चात मनुष्यबळाचा वाटा सर्वांत मोठा आणि सॉफ्टवेअरच्या किमतीचा वाटा लहान असतो, हे त्याने आकडेवारीने मांडले आणि ते आजही खरे आहे. दोष आहे तो मनुष्यबळ मोजण्याच्या रीतीत. वेतन गुणिले तास हे सूत्र जेथे माणूस नोकरीवर आहे तेथे लागू पडते. तालुक्याच्या गावी माणूस नोकरीवर नसतोच. तेथे खर्च वेतनाचा नसून वाट पाहण्याचा असतो: सर्व्हर सकाळी बंद पडला, पुरवठादाराचा माणूस दुपारच्या गाडीने आला, तोवर भरणा घेऊन आलेले खातेदार परत गेले. हा खर्च कोणत्याही तक्त्याच्या रकान्यात बसत नाही.

त्यातही विंडोज जाणणारा माणूस लवकर मिळतो, लिनक्स जाणणारा उशिरा. याचे कारण सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेत शोधणे व्यर्थ आहे. या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. त्याने लाखो लोकांची संगणकाशी पहिली ओळख करून दिली, आणि ती ओळख विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिसचीच होती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यापुढे टॅली आले. तेही विंडोजसाठीच तयार झालेले. अशा परिसरात सर्व्हरची निवड संस्थेच्या संचालक मंडळापुढे येण्याआधीच बव्हंशी झालेली असते.

किंमत, फुकट आणि मुक्त

विंडोज सर्व्हरचा परवाना एकदा घेऊन भागत नाही. सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी किंवा यंत्रासाठी निराळा प्रवेश परवाना लागतो. २०१६ च्या आवृत्तीपासून मूळ परवानाही प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो आणि किमान सोळा कोअरचे पैसे मोजावेच लागतात. आठ कोअरचे यंत्र असलेल्या लहान संस्थेला ही आकारणी अन्यायकारक वाटली तर नवल नाही. यावर मुक्त स्रोताचे पुरस्कर्ते शून्य परवाना शुल्काचा दाखला देतात. प्रत्यक्षात मात्र बाजारपेठेत एक तिसरा पर्याय असतो व तो अशा तक्त्यांत सहसा येत नाही: विनापरवाना प्रत. जेथे विंडोजही पैसे न मोजता 'टाकून' मिळते, तेथे लिनक्सचा फुकटपणा हा युक्तिवादच राहत नाही. अशा प्रतीवर सुरक्षा-दुरुस्त्या अनेकदा मुद्दाम बंद ठेवल्या जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर जी यंत्रे निकामी केली, त्यांच्यासाठीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती बसविलेली नव्हती इतकेच.

फुकट आणि मुक्त यांतील गल्लत दुसऱ्या बाजूनेही होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस आवृत्ती विनामूल्य आहे आणि लहान पुरवठादार आपल्या पतसंस्था-प्रणालीसोबत ती सर्रास देतात. २००८ आर२ ते २०२२ या आवृत्त्यांत एका डेटाबेससाठी दहा गीगाबाइटची मर्यादा होती. केवळ जमा-नावे नोंदींना ती पुष्कळ आहे. खातेदारांची छायाचित्रे आणि सह्यांचे नमुने त्यातच साठवू लागल्यावर नाही.

वीज आणि अक्षरे

तुलनात्मक लेखनाने जवळजवळ दुर्लक्षिलेल्या दोन बाबी या भागात निर्णायक ठरल्या. पहिली विजेची. दोन हजारच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. त्या काळी मायएसक्यूएल या लोकप्रिय मुक्त डेटाबेसमध्ये मायआयसॅम ही साठवणपद्धती आपोआप वापरली जाई. व्यवहार चालू असताना वीज गेली आणि बॅटरीनेही दगा दिला, तर अर्धवट राहिलेला व्यवहार मागे फिरविण्याची सोय तीत नव्हती. तक्ते बिघडत आणि दुरुस्त करून घ्यावे लागत. ही सोय असलेली इनोडीबी पद्धती २०१० च्या अखेरीस आलेल्या ५.५ या आवृत्तीत मूळ पर्याय झाली. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये ती आरंभापासून होती. मुक्त स्रोताच्या समर्थकांनी हे मोकळेपणी मान्य करावयास हवे. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या मुक्त डेटाबेसमध्ये २००१ पासून अशी व्यवस्था होती, परंतु स्वस्त सेवादारांच्या जगात मायएसक्यूएलच प्रचलित होते.

दुसरी बाब मराठीची. सभासदाचे नाव, गाव, गहाण तारणाचे वर्णन मराठीत नोंदवावे लागते. युनिकोड रुळण्यापूर्वी ही नोंद श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींच्या टंकांत होत असे. त्या टंकाविना तीच नोंद म्हणजे रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गुंता. सर्व्हर बदलताना हा गुंता नव्या यंत्रावर जसाच्या तसा जातो. कोणताही डेटाबेस त्यातून 'पाटील' शोधू शकत नाही, की नावे अकारविल्हे लावू शकत नाही. युनिकोड आल्यावरही प्रश्न सुटला असे नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकान्याचा प्रकार चुकीचा निवडला तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. मायएसक्यूएलची मूळ मांडणी २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत पश्चिम युरोपीय अक्षरांसाठीच होती. दोन्ही पक्ष येथे सारखेच दोषी आहेत. दोहोंत मराठी नीट साठविता येत होती, पण मांडणी करणाऱ्याला ते ठाऊक असेल तरच.

वारणेचा दाखला

कवठे महांकाळपासून फार दूर नसलेल्या वारणानगर परिसरात १९९८ मध्ये सुरू झालेला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगा आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी साखर कारखान्याशी जोडण्याची ती कल्पना होती. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चने तेथे पाहणी केली. ऊस किती गेला, खत किती उचलले, बिल किती झाले, एवढ्याच माहितीसाठी संगणक मुख्यतः वापरले जात होते. तेव्हा त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल व लघुसंदेश यांचा प्रयोग केला आणि तेच काम कमी खर्चात झाले. विंडोजच्या निर्मात्याच्याच प्रयोगशाळेने गावातला विंडोज संगणक अनावश्यक ठरवावा, यातील विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो. शेतकऱ्याला हवी होती त्याची नोंद. ती कोणत्या यंत्रात आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

नोंद कोणाच्या ताब्यात

हाच निकष सर्व्हरच्या तुलनेलाही लावता येतो. एसक्यूएल सर्व्हरमधून घेतलेला मूळ स्वरूपातील बॅकअप एसक्यूएल सर्व्हरच्याच त्याच किंवा नंतरच्या आवृत्तीत उघडतो. मायएसक्यूएल वा पोस्टग्रेएसक्यूएलमधून साध्या मजकुराच्या स्वरूपात बॅकअप घेता येतो. तो डोळ्यांनी वाचता येतो, थोड्या खटपटीने अन्यत्र भरताही येतो. हा फरक परवाना शुल्काहून मोठा आहे. मात्र पुरवठादाराने तक्त्यांची नावे सांकेतिक ठेवली, त्यांचे वर्णन कोठेही लिहून दिले नाही आणि मुख्य सांकेतिक शब्द स्वतःजवळ ठेवला, तर खालचा डेटाबेस मुक्त असूनही संस्था बांधलेलीच राहते. मुक्त स्रोतावरील लेखनात ही अडचण फारशी येत नाही, कारण ते खालच्या थरापाशी थांबते.

आधार संपण्याच्या प्रश्नातही चित्र एकरंगी नाही. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी संपला. ती तारीख आधीपासून जाहीर होती. याउलट सेंटओएस ८ ही मुक्त प्रणाली २०२९ पर्यंत चालेल असे सांगितले गेले होते, आणि डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ती २०२१ च्या अखेरीसच थांबणार असल्याचे जाहीर केले. शब्द कंपनीने पाळला आणि चळवळीच्या नावाने चालणाऱ्या प्रकल्पाने मोडला, असे हे उदाहरण आहे. तरी मूळ आज्ञा खुल्या असल्याने काही महिन्यांत आल्मालिनक्स व रॉकी लिनक्स उभी राहिली. विंडोज सर्व्हर २००३ च्या बाबतीत तसे कोणी करू शकले नसते. हे स्थलांतर करून देणारा माणूस मिरजेत मिळेल का, हा प्रश्न अर्थातच शिल्लक राहतो.

त्यामुळे सर्व्हरची कार्यप्रणाली विंडोज की लिनक्स यावर चाललेला वाद अशा संस्थांपुरता गौण आहे; जी चालविणारा माणूस जवळ आहे ती घ्यावी. डेटाबेसच्या थरावर मात्र मुक्त पर्यायाचा आग्रह धरणे योग्य ठरते. पुरवठादाराशी करार करताना तक्त्यांचे लेखी वर्णन, सांकेतिक शब्दाची मोहोरबंद प्रत आणि वर्षातून एकदा दुसऱ्या यंत्रावर बॅकअप उघडून दाखविण्याची अट असावी. याचा खर्च एका फेरीच्या प्रवासखर्चाहून फारसा अधिक नाही.

दरम्यान सर्व्हरच गावातून निघून जाऊ लागला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत सर्व संस्थांसाठी एकच सामायिक सॉफ्टवेअर आणि दूरस्थ साठवण आहे. विकास सोसायटीच्या सचिवाला आता विंडोज की लिनक्स हे ठरवावयाचे नाही. आपल्या सभासदांची संपूर्ण खतावणी, मराठी नावांसह, दुसऱ्या कोणत्याही यंत्रात उघडेल अशा स्वरूपात त्याला मागता येईल का आणि ती कोणाकडे मागावयाची, हे त्याला विचारावे लागेल.