विल्यम गथ्री स्पेन्स : आत्मकथनातील ‘आम्ही’

ऑस्ट्रेलियातील कामगार चळवळीचे आद्य संघटक विल्यम गथ्री स्पेन्स (१८४६-१९२६) यांचे ‘ऑस्ट्रेलियाज अवेकनिंग’ हे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. उपशीर्षकात एका चळवळ्याच्या तीस वर्षांच्या जीवनाचा निर्देश असला, तरी प्रत्यक्षात व्यक्ती मागे राहते व संघटना पुढे येते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जन्मलेले स्पेन्स बालपणीच व्हिक्टोरियात आले आणि क्रेसविक परिसरातील सोन्याच्या खाणींत राबले. १८८२ मध्ये ते खाणकामगार संघटनेचे सरचिटणीस, तर १८८६ मध्ये मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले.

‘मी’ऐवजी ‘आम्ही’ हेच या लेखनाचे सामर्थ्य होय. कामगारांच्या एकजुटीविषयी स्पेन्स जवळजवळ धर्मश्रद्धेच्या भाषेत बोलतात. तथापि या ‘आम्ही’त कोणाला स्थान नाही, हा प्रश्न समीक्षकाने विचारलाच पाहिजे. त्यांनी उभारलेल्या चळवळीने चिनी कामगारांना सदस्यत्व नाकारले. स्वतः स्पेन्स ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’च्या धोरणाचे पुरस्कर्ते होते. मालकांनी स्वस्त श्रम वापरल्याचा रोष अशा रीतीने स्वस्तात राबणाऱ्यावरच निघाला.

१९१६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीवरून मजूर पक्ष फुटला आणि स्पेन्सही पक्षाबाहेर गेले. ‘आम्ही’च्या सीमा आखणारा अखेरीस त्या सीमेपलीकडे उभा राहिला. म्हणूनच हे पुस्तक केवळ गौरवगाथा म्हणून वाचणे अपुरे ठरते. त्यातील बंधुभाव खरा आहे, पण त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. कामगार-आत्मकथनांचे मूल्यमापन करताना या दोहोंची नोंद एकत्रच घ्यावी लागेल.