रसिकाचे मत आणि गाण्यातील ‘जागा’

१

संगीताविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले त्याहून कितीतरी अधिक बोलले गेले आहे. मैफलीहून परतताना, नाटकाच्या मध्यंतरात, तबकडी वाजून थांबल्यावर घरच्या बैठकीत रसिक आपापली मते आग्रहाने मांडीत आले. या मतांची नोंद सहसा कोणी ठेवली नाही. जी राहिली ती अभ्यासकांनी ‘वैयक्तिक आवडनिवड’ म्हणून बाजूस सारली. शास्त्रकार रागाचे नियम सांगतो, चरित्रकार गायकाची हकिकत सांगतो. जो केवळ ऐकतो त्याच्या मताला मात्र या दोघांच्या पंक्तीत पाट मिळत नाही. ही उपेक्षा कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचाराची दिशा मराठी रसिकांच्याच एका शब्दाने सुचविली आहे. गायकाने एखादा लक्षात राहील असा स्वरसमूह घेतला म्हणजे श्रोता ‘काय जागा घेतली!’ असे म्हणतो. जागा म्हणजे स्थळ. ते गाण्यात कोठेतरी असते आणि त्याच्याकडे बोट दाखविता येते. मत वैयक्तिक असल्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. ते अशा जागेशी बांधलेले नसेल तर निरुपयोगी ठरते. ग्रामोफोनची तबकडी आल्यापासून ही जागा पुन्हा पुन्हा गाठता येऊ लागली, आणि रसिकाच्या मताला प्रथमच साक्षीदार मिळाला.

२

प्रारंभी मत व्यक्त करणाऱ्या वाक्याची घडण पाहणे इष्ट होईल. ‘मला हे गाणे आवडले’ या वाक्यात ‘गाणे’ प्रथमेत आहे व क्रियापद त्याच्याशी जुळते. ऐकणारा चतुर्थीत आहे. ‘मला थंडी वाजते’, ‘मला भूक लागते’ ही वाक्ये याच जातीची होत. यांतील कर्ता कोणता, याविषयी मराठी व्याकरणकारांत वाद झाले असले तरी अनुभव घेणारा येथे काही करीत नाही, त्याला काहीतरी होते, एवढे उघड आहे. थंडी का वाजली असा जाब कोणी विचारीत नाही. तसाच गाणे का आवडले याचाही विचारता येत नाही.

‘हे गाणे उत्तम आहे असे मी म्हणतो’ या वाक्यात मात्र ऐकणारा प्रथमेत येतो. आता तो कर्ता झाला आणि केल्या कृतीचे उत्तर देण्यास बांधला गेला. ‘म्हणणे’ या क्रियापदाचेच पुढे नाम होऊन ‘तुमचे म्हणणे काय?’ असा प्रश्न आपण विचारतो, आणि त्या प्रश्नात कारणांची मागणी गृहीत असते. आवड आणि मत यांतील अंतर ते हेच. रसिकाच्या बोलण्यात ही दोन वाक्ये सारखी एकमेकांत मिसळतात. तो ‘आवडले’ने आरंभ करतो आणि न कळत ‘म्हणतो’वर येतो. समीक्षेचा आरंभ या संक्रमणात आहे.

३

मतांच्या शब्दसंग्रहाचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग परिणामवाचक शब्दांचा: गोड, आर्त, उदास, प्रसन्न. हे शब्द ऐकणाऱ्याच्या मनाची स्थिती सांगतात. दुसरा वर्ग पारिभाषिक शब्दांचा: मींड, गमक, खटका, सम. हे गाण्याच्या क्रियेची नावे सांगतात, मूल्य सांगत नाहीत. तिसरा वर्ग या दोहोंच्या मधला, आणि तोच अधिक अर्थपूर्ण आहे. दाणेदार, पल्लेदार, पेचदार, घुमारेदार, जवारीदार हे शब्द वर्णनही करतात आणि मूल्यही ठरवितात.

तान दाणेदार आहे असे म्हणताना वेगातही तिचा प्रत्येक स्वर तुपाच्या कण्यासारखा सुटा राहिला, ही वस्तुस्थिती सांगितली जाते. त्याबरोबरच ती तान सरस ठरविली जाते. जवारी ही मूळची तंबोऱ्याची. घोडीचा माथा घासून आणि तारेखाली दोरा सरकवून तारेला जो भरीव, झणत्कारयुक्त नाद आणतात तिचे हे नाव. आवाजाला ते विशेषण लावले म्हणजे त्या आवाजात मूळ स्वराबरोबर वरचे नादही खुलतात असा दावा केला जातो. हा दावा मान्य करता येतो किंवा खोडून काढता येतो; ‘गोड’ला खोडून काढता येत नाही.

या वर्गातील शब्द वापरताना व्यवहारातला अर्थ संगीतात जसाच्या तसा उतरत नाही, हेही ध्यानी घ्यावयास हवे. व्यवहारात ‘सपाट’ हे दूषण आहे; निर्विकार चेहऱ्याला आपण सपाट म्हणतो. संगीतात मात्र सपाट तान म्हणजे स्वरांच्या सरळ क्रमाने चढणारी वा उतरणारी तान, आणि ती स्वच्छ निघण्यास गळा फार तयार लागतो. ‘त्यांच्या ताना सपाट आहेत’ हे वाक्य एकाच्या तोंडी निंदा आणि दुसऱ्याच्या तोंडी स्तुती असू शकते. असे कित्येक वाद गाण्याविषयीचे नसून शब्दाविषयीचे असतात.

४

आता काही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकांवर ही कसोटी लावून पाहू. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांनी मराठी घराघरांत किराणा गायकी पोहोचविली. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीविषयी ‘आर्त’ हा शब्द इतक्यांनी वापरला आहे की तो आता त्या तबकडीचे दुसरे नावच होऊन बसला आहे. पण आर्तता कोठे आहे, असे विचारले की उत्तर शोधावे लागते. ती शब्दांच्या अर्थात फारशी नाही. कारण खाँसाहेब शब्दांना स्वराचे केवळ आधार मानतात. ती आहे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याच्या त्यांच्या संथ रीतीत. स्वर सोडताना ते तो तोडीत नाहीत. मागच्या स्वराची आस पुढच्यात रेंगाळत राहते. आवाज बारीक आणि टोकदार असल्याने हा प्रवास कणाकणाने ऐकू येतो. एवढे दाखविले म्हणजे ‘आर्त’ हा शब्द मताच्या पदवीस पोहोचतो.

याच गुणाची दुसरी बाजू त्यांनी गायिलेल्या नाट्यपदांत दिसते. ‘मानापमान’ (१९११) मधील ‘चंद्रिका ही जणू’ हे पद त्यांच्या तबकडीवर ऐकून एखादा रसिक ‘शब्द हरवले’ अशी तक्रार करतो, तर दुसरा ‘पदाचे सोने झाले’ म्हणतो. दोघेही खरे सांगतात. पद रंगभूमीवरून उचलून रागाच्या स्वाधीन केले, ही दोघांनी पाहिलेली गोष्ट एकच आहे. नाट्यपद हे मुळात पात्राचे भाषण आहे असे मानणाऱ्यास त्यात तोटा दिसतो. ते स्वरांचे निमित्त आहे असे मानणाऱ्यास लाभ दिसतो. मतभेद कानांचा नाही, नाट्यपदाच्या स्वरूपाविषयीच्या समजुतीचा आहे.

बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) बाबतीत तबकडीची साक्ष सावधपणे घ्यावी लागते. ज्यांनी त्यांना रंगभूमीवर ऐकले त्यांनी ‘वन्स मोअर’ मिळत मिळत वाढत गेलेली पदे ऐकली. प्रेक्षकांशी चाललेले ते संभाषण होते. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत आणि समोर प्रेक्षक नसे. तरीही तबकडीतून ऐकणाऱ्यास एक गोष्ट पडताळता येते: लयीशी लपंडाव खेळत असताही शब्दाचा उच्चार बोलण्याइतका सहज राहतो. विस्ताराविषयीची मते मात्र नाट्यगृहातील श्रोत्यांकडूनच घ्यावयास हवीत. तबकडी जे राखून ठेवते त्याची ती साक्ष देते. जे तिच्या मापात बसले नाही त्याविषयी तिचे मौन हा पुरावा नव्हे.

५

दीर्घ वेळ वाजणाऱ्या तबकड्या आल्यावर एका बाजूस वीस मिनिटांच्या घरात गायन मावू लागले आणि ख्याल आपल्या चालीने ऐकता येऊ लागला. अमीर खाँ (१९१२–१९७४) यांची मारवा व दरबारी या रागांची १९६० मधील तबकडी या दृष्टीने महत्त्वाची. तिच्यातील मारव्याविषयी ‘सुन्न करणारा’, ‘कोठेच न टेकणारा’ असे शब्द रसिकांकडून ऐकू येतात. यांपैकी दुसरा शब्द अचूक आहे. मारव्यात पंचम नाही. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत यांवर राग उभा असतो आणि षड्ज, जो प्रत्येक रागाचे घर, तो लांबणीवर टाकला जातो. अमीर खाँ झुमऱ्याच्या अतिविलंबित चौदा मात्रांत खालच्या सप्तकात दीर्घ काळ रेंगाळतात, षड्जाच्या आसपास फिरतात आणि तेथे विसावणे टाळतात. ज्या रसिकाने रागशास्त्राचे एक अक्षर वाचलेले नाही त्याने ‘टेकत नाही’ असे म्हटले, तेव्हा त्याने मारव्याचे लक्षणच आपल्या भाषेत सांगितले. शास्त्रकाराने अशा श्रोत्याचे आभार मानावयास हवेत.

कुमार गंधर्वांच्या (१९२४–१९९२) गायनाविषयी पक्ष-प्रतिपक्ष फार तीव्र होते. क्षयाच्या दुखण्यामुळे काही वर्षे गाणे बंद ठेवावे लागल्यानंतर देवासला राहून ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हाच्या त्यांच्या गाण्याला ‘तुटक’ म्हणणारे होते आणि त्याच गाण्यातील विरामांवर जीव टाकणारेही होते. येथेही निरीक्षण एकच आहे: स्वरवाक्ये आखूड, आवाजाची फेक एकदम चढणारी वा मावळणारी, आणि दोन वाक्यांच्या मध्ये तंबोऱ्याला मोकळी सोडलेली जागा. पहिल्या पक्षाला गाणे अखंड धारेसारखे हवे आहे. दुसऱ्याला ते बोलण्यासारखे हवे आहे, आणि बोलण्यात थांबण्यालाही अर्थ असतो. निर्गुणी भजनांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते. कारण तेथे पोकळी हाच विषय आहे आणि विराम तो प्रत्यक्ष दाखवितो. परंतु पहिल्या पक्षास बहिरे ठरविण्याचे कारण नाही. त्याने जे ऐकले ते बरोबरच ऐकले; आजारपणाचे कारण पुढे करून त्याला गप्प करणे हे मात्र समीक्षेच्या नियमात बसत नाही. कारणाने गुण सिद्ध होत नाही आणि दोषही पुसला जात नाही.

किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांच्या भूप रागाच्या तबकडीविषयी ‘घराणे सोडले’ आणि ‘भूप सापडला’ अशी दोन मते वर्षानुवर्षे ऐकू आली. त्यांच्या मातोश्री व गुरू मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून आलेल्या जयपूर-अत्रौली गायकीत लयीशी घट्ट विणलेली, पेचदार वाक्यांची बढत असते. या तबकडीत त्या लयीची वीण सैल करून एकेका स्वराला सावकाश उजळत नेतात. भूपात पाचच स्वर. तेच देसकारातही आहेत. दोहोंतील भेद कोणता स्वर प्रमुख मानला आणि त्याच्याकडे कसे गेले, एवढ्यावर राहतो: भूपात गंधार, देसकारात धैवत. गंधारावरील त्यांचा दीर्घ मुक्काम म्हणूनच केवळ भावुकता नव्हे. पाच स्वरांच्या रागाचे व्यक्तिमत्त्व राखण्याचा तो मार्ग आहे. ‘सहेला रे’ ही द्रुत बंदीश लोकप्रिय झाली ती या पूर्वतयारीच्या बळावर. ‘घराणे सोडले’ हे वर्णन म्हणून बरेचसे खरे असले तरी निर्णय म्हणून अपुरे आहे. सोडून मिळविले काय, याचा हिशेब त्यात नाही.

६

शेवटचे उदाहरण ‘गीतरामायणा’चे. ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाली. तेव्हा निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे आवाज होते. रामासाठी फडके, सीतेसाठी माणिक वर्मा. पुढे सर्व गीतांच्या तबकड्यांचा संच फडके यांच्या एकट्याच्या आवाजात निघाला आणि नंतरच्या पिढ्यांनी प्रामुख्याने तोच ऐकला. त्यामुळे ‘गीतरामायण हे नाट्य आहे’ असे म्हणणारा वडीलधारा रसिक आणि ‘ते कीर्तन आहे’ असे म्हणणारा तरुण हे दोघे वस्तुतः दोन भिन्न कृतींविषयी बोलत असतात. पहिल्याने सीतेचे दुःख सीतेच्या आवाजात ऐकले. दुसऱ्याने ते कथा सांगणाऱ्याच्या मुखातून ऐकले. फडके यांचा शब्दोच्चार इतका स्पष्ट की कथनाच्या पक्षाला त्याने मोठे बळ मिळते; पण आकाशवाणीवरच्या आवाजांची आठवण ठेवणाऱ्या पिढीचे मत लिहून ठेवले गेले नाही, तर ती पहिली कृती केवळ आठवण म्हणूनही उरणार नाही.

७

या विवेचनातून रसिकाच्या मताचे मोल ठरविण्यास तीन प्रश्न पुरेसे दिसतात. मत कोणत्या जागेविषयी आहे? तेथे प्रत्यक्ष काय घडते? आणि त्या घडण्याला चांगले वा वाईट म्हणताना गाण्याविषयीची कोणती समजूत गृहीत धरली आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या श्रोत्याला पडताळता येतात. तिसऱ्यावर प्रामाणिक मतभेद राहू शकतो आणि तो राहावा.

आज जुन्या तबकड्यांवरील गायन संगणकावर आणि दूरध्वनीवरही ऐकता येते. मिनिट-सेकंद सांगून जागा दाखविता येते. साक्षीदार घरोघर आला आहे. उणीव आहे ती त्याची उलटतपासणी घेणाऱ्यांची. ज्यांनी मैफली आणि आकाशवाणी प्रत्यक्ष ऐकली अशी मंडळी दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांची मते, त्यांच्या ‘दाणेदार’ आणि ‘जवारीदार’ या शब्दांसह, कोणत्या जागेविषयी कोणता शब्द वापरला याच्या नोंदीनिशी संगृहीत करणे हे विद्यापीठीय मराठी विभागांना शक्य असलेले आणि त्यांनीच करावयाचे काम होय. गायन तबकडीने राखले. ते कसे ऐकले गेले हे राखण्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकांवर पडते.