गणितातील संशोधन-व्याख्यानाची भाषा

शुद्ध गणिताच्या विभागात होणारे संशोधनपर व्याख्यान हा एक स्वतंत्र भाषाप्रकार आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. त्याला छापील निबंधाची मौखिक आवृत्ती समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः निबंधात सिद्धता तेवढी उरते. ती कोणत्या अडचणीतून निघाली, कोणता मार्ग फसला आणि अमुक गृहीतक काढून घेतले तर काय कोसळते, हे सांगण्याची जागा म्हणजे फळ्यापुढील भाषण होय. तेथे लेखन व वाणी एकाच वेळी चालतात आणि श्रोत्याला मध्येच थांबवून विचारता येते. या प्रकाराचे यशापयश त्यामुळे मुख्यतः भाषेच्या कसोटीवर तपासले पाहिजे.

या प्रकाराची महाराष्ट्रातील सर्वांत समर्थ परंपरा १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मुंबईस घडली. परदेशी गणितज्ञांनी येऊन व्याख्यानमाला द्यावी आणि तरुण संशोधकाने तिची टिपणे सिद्ध करावी, अशी तेथील पद्धत होती. लोराँ श्वार्त्स यांच्या व्याख्यानांची टिपणे एम्. एस्. नरसिंहन् यांनी केली, हे तिचे एक प्रसिद्ध उदाहरण. ऐकलेले पुन्हा रचून लिहिणे ही शिष्याची खरी परीक्षा असल्याने या पद्धतीचे शैक्षणिक मोल वादातीत आहे. तथापि टिपणांत वक्त्याचा सिद्धांत येतो आणि श्रोत्याचा प्रश्न गळतो, हीही तिची मर्यादा मान्य करावी लागते. ज्या विभागांत पुढे केवळ या टिपणांचा साचा अनुकरला जातो, तेथे व्याख्यान म्हणजे फळ्यावर उतरवलेला निबंध होऊन बसतो. आणि प्रश्न चहाच्या वेळी, बहुधा मातृभाषेत, विचारले जातात.

ही द्विभाषिक विभागणी नवी नव्हे. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यातील वंशवर्णन व प्रशस्ती संस्कृतात आहे. बाजारातील मालावरील उत्पन्नाचा वाटा, घाण्यामागे द्यावयाचे तेल इत्यादी तपशील मात्र तत्कालीन मराठीत कोरलेला आहे. याचा अर्थ उघड आहे. ज्याचा गौरव करावयाचा ते एका भाषेत, आणि ज्याविषयी गैरसमज परवडणार नाही ते लोकांच्या भाषेत. आजच्या व्याख्यानात हा विवेक उलटा झाला आहे. ज्या ठिकाणी गैरसमज परवडत नाही, नेमके तेच स्थळ श्रोत्याला कमी परिचित असलेल्या भाषेत पार पाडले जाते.

यावर परिभाषेचा प्रश्न पुढे केला जातो. परंतु तो दुय्यम आहे. गट, वलय, क्षेत्र हे शब्द मराठीत आहेतच, आणि नसते तरी इंग्रजी संज्ञा मराठी वाक्यात सहज नांदते. गणिताचा अर्थ नामांपेक्षा त्यांना जोडणाऱ्या शब्दांत अधिक असतो. सातत्य व एकसमान सातत्य यांतील भेद घ्यावा. पहिल्यात, फलनाच्या मूल्यातील फरकाची मर्यादा ठरवून दिली असता, प्रत्येक बिंदूला आपापले अंतर मिळते. दुसऱ्यात सर्व बिंदूंना एकच अंतर पुरते. ‘आपापले’ या एका शब्दाने मराठी जे वाटप दाखविते, त्यासाठी इंग्रजीला शब्दक्रम काटेकोर सांभाळावा लागतो.

मात्र मराठीत बोलल्याने स्पष्टता आपोआप येते, असेही नाही. शालेय भूमितीत दोन भिन्न बिंदूंतून ‘एक आणि एकच’ रेषा जाते, असे शिकविले जाते. तेथे ‘एकच’ म्हणजे ‘दुसरी नाही’. एकसमान सातत्यातील ‘एकच’ म्हणजे ‘सर्वांना समाईक’. त्याहून लहान असे कोणतेही अंतर तेथे चालतेच. पेण तालुक्यातील गडबसारख्या गावी मराठीतून भूमिती शिकून मुंबई विद्यापीठाच्या परिसरात आलेला विद्यार्थी या ठिकाणी अडखळला, तर तो त्याचा गणितातील कच्चेपणा नव्हे. ‘च’ या अव्ययाचे दोन अर्थ कोणी त्याला उलगडून दाखविले नाहीत, एवढेच. आणि इंग्रजी व्याख्यानात ही अडचण उच्चारलीच जात नसल्याने ती कायम राहते.

श्रोतृवर्ग बहुभाषिक असेल तेथे इंग्रजी अपरिहार्य आहे, हे निर्विवाद. टाटा संस्थेतील परंपरा निरनिराळ्या प्रांतांतील विद्वानांनी उभारली. तेथे अन्य मार्ग नव्हता. परंतु जेथे वक्ता व श्रोते सर्वच मराठी जाणणारे आहेत, तेथे ही अपरिहार्यता केवळ सवय ठरते. अशा विभागांनी सिद्धता इंग्रजीत लिहावी. प्रश्नाची मांडणी, उदाहरण आणि शंकासमाधान मराठीत करावे. टिपणकारानेही सिद्धांताबरोबर विचारलेला प्रश्न नोंदवावा. न विचारलेला प्रश्न कोणत्याही टिपणात सापडत नाही. तो विद्यार्थ्याबरोबर गावी परत जातो.